अळी घ्यावी की टरफल?

फॉरेन्सिकच्या एका विद्यार्थिनीने विचारलं: मृतदेहातलं औषध शोधायला त्या देहावर पोसलेल्या माशीच्या अळ्या गोळा कराव्यात, की माशी उडून गेल्यावर उरलेली कोशांची रिकामी टरफलं?

टिकण्यात टरफल सरस. भाताच्या तुसासारखं हलकं, तपकिरी. पण वर्षानुवर्षं तसंच राहतं. अळीचं उलट. खाणं थांबलं की तिच्या अंगातलं औषध झपाट्याने उतरतं, म्हणून उचलली की धुवायची आणि लगेच गोठवायची.

मेहनत मात्र टरफलाला जास्त. अळी वाटून घेतली की पुढचं काम सोपं. टरफलातलं कायटिन, म्हणजे किड्यांच्या कवचाचा चिवट पदार्थ, फोडायला तीव्र आम्ल नाहीतर अल्कली लागते.

मृताने किती औषध घेतलं होतं, हे दोन्हींवरून छातीठोकपणे सांगता येत नाही. (तरी वकील विचारतातच.)

अळीत आणखी एक मेख आहे. हवाईत झालेल्या, १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, कोकेनची घातक मात्रा दिलेल्या सशांच्या मांसावर अळ्या नेहमीपेक्षा भराभर वाढल्या. नुसती लांबी मोजून मृत्यूची वेळ काढली, तर मृत्यू खऱ्या वेळेच्या आधी झाला असं वाटेल. म्हणून अळीची विषतपासणी वेळेच्या हिशेबालाही उपयोगी पडते.

अळ्या वळवळत असतील तर त्याच घे. नुसता सांगाडा उरला असेल, तर माती चाळून टरफलं वेच.