निवृत्त लढाऊ विमानाची भागीदारी: माझे सव्वासात लाख कसे गेले

धुळ्यात पारोळा रोडला माझं ट्रॅक्टर दुरुस्तीचं गॅरेज आहे. 28 वर्षं हेच काम करतोय. जुना ट्रॅक्टर घ्यायचा असला की शेतकरी मला सोबत घेऊन जातात, आणि मी बॉनेट उघडायच्या आधी चेसिस नंबर बघतो, तो आरसी बुकाशी ताडून घेतो, मगच पुढचं बोलतो. ही सवय असतानाही मी एका विमानाचा नंबर न विचारता 7,26,000 रुपये भरले. ऑक्टोबर ते डिसेंबर 2025 मधली ही गोष्ट. ज्याने ते पैसे घेतले तोच माणूस आता नंदुरबार, शहाद्याकडे लोकांना फोन करतोय असं कळलं, म्हणून लाज बाजूला ठेवून सगळं लिहितोय.

माझा मोठा भाऊ, आमचा दादा, हवाई दलात एअरमन होता. मिग-21 च्या इंजिनांवर त्याची बहुतेक नोकरी गेली. सुट्टीला घरी आला की मला समोर बसवून कागदावर इंजिन काढून दाखवायचा. मी आज जो काही मेकॅनिक आहे, तो त्या कागदांमुळे. ही विमानं ओझरला हिंदुस्तान एरोनॉटिक्समध्ये बनायची, त्यामुळे आम्हाला ती कधी परकी वाटली नाहीत. दादा 2019 ला गेला. 26 सप्टेंबर 2025 ला चंदीगडला मिग-21 ला निरोप दिला, 62 वर्षांची नोकरी संपली त्या विमानाची. टीव्हीसमोर आई रडली, मीही रडलो. त्याच संध्याकाळी दादाचा गणवेशातला फोटो आणि चार ओळी फेसबुकवर टाकल्या.

आठवडाभरात फोन आला. समोरचा माणूस स्वच्छ मराठी बोलत होता. हवाई दलातून निवृत्त झालोय म्हणाला, हुद्दा सांगितला. दादाचा फोटो बघून राहवलं नाही म्हणाला. पहिल्या फोनवर त्याने पैशाचा शब्दही काढला नाही. दादाची पोस्टिंग कुठे कुठे होती, कोणत्या इंजिनावर काम केलं, एवढंच विचारत राहिला. आता कळतं, जी माहिती मी दिली तीच तो पुढच्या फोनला मला परत सांगत होता, आणि मला वाटत होतं की हा दादाला ओळखतो.

तिसऱ्या-चौथ्या फोनला विषय आला. निवृत्त लढाऊ विमानं आता खाजगी माणसालाही घेता येतात, उडवता येतात, परदेशात हजारो लोक उडवतात, असं तो म्हणाला. पुरावे म्हणून त्याने मला जे दाखवलं ते बरंचसं खरं होतं, आणि माझा घात तिथेच झाला. अमेरिकेत खाजगी माणसांकडे खरोखर मिग आहेत. चेकोस्लोव्हाकियात बनलेलं एल-39 हे दोन सीटांचं जेट ट्रेनर तर तिथे बऱ्याच जणांकडे आहे. एका मिग-23 चा तिथल्या एअर शोमधला व्हिडिओ त्याने पाठवला, तोही खरा. त्याच विमानाचं पुढे काय झालं ते मात्र सांगितलं नाही: ऑगस्ट 2023 मध्ये मिशिगनच्या शोमध्ये ते कोसळलं, आत बसलेले दोघं इजेक्शन सीटमुळे, म्हणजे माणसाला विमानाबाहेर फेकणाऱ्या सीटमुळे, वाचले.

आपल्याकडचं उदाहरण म्हणून त्याने डाकोटा सांगितलं. तेव्हाचे खासदार राजीव चंद्रशेखर यांनी डाकोटा हे जुनं मालवाहू विमान इंग्लंडमध्ये दुरुस्त करून घेतलं, 2018 मध्ये ते उडत भारतात आलं, हे पेपरात आलेलं मला आठवत होतं. त्यांचे वडील हवाई दलात डाकोटा उडवायचे. मला वाटलं, त्यांनी वडिलांसाठी केलं, मी दादासाठी थोडंसं करावं. पण ते विमान त्यांनी हवाई दलाला भेट दिलं होतं. त्याचं नाव परशुराम, नंबर हवाई दलाचा, आणि ते उडवतंही हवाई दलच. अर्धी गोष्ट सांगून त्याने अर्धी गिळली, आणि उरलेली अर्धी शोधायची तसदी मी घेतली नाही.

मग योजना. मिग फार महाग पडेल, त्याऐवजी परदेशी हवाई दलातून निवृत्त झालेलं एक एल-39 आणायचं. आठ भागीदार. विमान कंटेनरने मुंबईला येणार, जोडून धुळ्याजवळच्या गोंदूरच्या धावपट्टीवर ठेवणार, निवृत्त फायटर पायलट चालवणार. प्रत्येक भागीदाराला महिन्यातून दोन वेळा अर्धा-अर्धा तास मागच्या सीटवर बसायला मिळणार. शेपटीवर दादाचं नाव लिहायचं, हेही त्यानेच सुचवलं. देखभालीचा खर्च प्रत्येकी महिना 3,000 रुपये.

या 3,000 वर मी थांबायला हवं होतं. एल-39 ताशी 400 लिटरच्या आसपास किंवा त्याहून जास्त इंधन पितं. आठ जणांच्या सोळा फेऱ्या म्हणजे महिन्याला आठ तास, म्हणजे कमीत कमी 3,200 लिटर. आठ जणांचे मिळून जमणार 24,000. लिटरला साडेसात रुपये झाले! त्यात पायलट, हँगर, विमा, टायर, काहीच धरलेलं नाही. ट्रॅक्टरवाल्याला मी नांगरटीचं डिझेल एकरी तोंडी काढून देतो. हा हिशोब मी पैसे गेल्यावर केला.

टोकनच्या आधी त्याने मला नाशिकजवळच्या एका गोदामात नेलं. तिथे खरोखर एका लढाऊ विमानाचा पुढचा तुकडा लाकडी घोडीवर ठेवलेला होता. त्याने मला आत बसवलं. सीटचा पत्रा थंडगार होता, पट्ट्यांना बुरशीचा वास येत होता, डाव्या बाजूला थ्रॉटलची मूठ हाताच्या घामाने गुळगुळीत झालेली, आणि पॅनेलवर रशियन अक्षरं. मूठ धरली आणि माझे डोळे भरून आले. दादाचा हात अशाच मुठीवरून कितीदा फिरला असेल.

उतरताना सवयीने माझी नजर आतल्या बाजूला गेली. एका चौकोनी जागी रंग जरा उजळ होता आणि कोपऱ्यांना रिवेटची चार भोकं होती. तिथली प्लेट काढलेली होती. मी विचारलं, ‘नंबर प्लेट कुठे गेली?’ तो म्हणाला, ‘भाऊ, सिक्युरिटीचा विषय आहे, सैन्याचे नंबर ठेवू देत नाहीत.’ मला ते पटलं. एखाद्या ट्रॅक्टरची प्लेट अशी काढलेली दिसली असती तर मी गिऱ्हाइकाला हाताला धरून बाहेर आणलं असतं. लिलावात निघालेलं लष्करी भंगार कोणी रीतसर विकत घेऊ शकतं, आणि तसा एखादा खरा तुकडा गोदामात ठेवला की समोरच्याला वाटतं, उडणारं विमानही असंच मिळत असणार.

टोकन 51,000. मग भागीदारीचे 4,00,000, त्यासाठी कांदेबाग हंगामातल्या केळीचे पैसे आले होते ते दिले. शेत आईच्या नावावर आहे. 500 रुपयांच्या स्टॅम्प पेपरवर नोटरी करून करार झाला. करारात विमानाचं वर्णन होतं, रंग होता, इंजिन होतं, नोंदणी क्रमांकाच्या जागी ‘प्रक्रियेत’ एवढंच लिहिलं होतं. नोव्हेंबरच्या शेवटी फोन: कंटेनर बंदरात अडकलाय, कस्टम्सचे प्रत्येकी 2,75,000 आज भरले नाहीत तर दंड लागेल. एका दिवसात जमवून आरटीजीएस केले. दरवेळी बँक खातं वेगळं होतं, एकदा तर कुठल्याशा मसाल्याच्या दुकानाचं.

आईला मी तोपर्यंत काही सांगितलं नव्हतं. सांगितल्यावर ती एवढंच म्हणाली, ‘तो मानूस कोठला शे?’ मला त्याचं गावसुद्धा सांगता आलं नाही.

दिवाळीला न येता डिसेंबरमध्ये पुण्याहून मुलगी आली. इंजिनीअरिंगला आहे. ‘आपल्या विमानाचे’ म्हणून आलेले फोटो तिने मोठे करून बघितले. एका फोटोत शेपटीजवळ एन अक्षराने सुरू होणारा नंबर अर्धवट पुसलेला होता, दुसऱ्यात तो पुसायचा राहून गेला होता. एन म्हणजे अमेरिकेतली नोंदणी. तिथल्या विमान प्रशासनाची नोंदवही कोणालाही इंटरनेटवर बघता येते. पाच मिनिटांत निघालं, ते विमान अमेरिकेतल्या एका माणसाच्या नावावर होतं आणि तिथेच होतं. बाप-लेक रात्री दोन वाजेपर्यंत त्या स्क्रीनकडे बघत बसलो. दुसऱ्या दिवशी गोंदूरला जाऊन विचारलं. तिथे प्रशिक्षणाची छोटी पंख्याची विमानं उडतात. जेट येणार आहे ही गोष्ट तिथल्या माणसांनी माझ्याच तोंडून पहिल्यांदा ऐकली.

त्यानंतर जे समजून घेतलं ते सांगतो. भारतात नागरी विमान कायमचं ठेवून उडवायचं तर त्याची नोंदणी नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडे लागते, त्याचा क्रमांक व्हीटी अक्षरांनी सुरू होतो, आणि ते उडण्यालायक असल्याचं वेगळं प्रमाणपत्र लागतं. ही दोन कागदपत्रं नसतील तर नोटरीच्या कराराला काही अर्थ नाही. आपलं हवाई दल निवृत्त लढाऊ विमानं उडवण्यासाठी खाजगी माणसाला विकत नाही. ती कॉलेजांना, संग्रहालयांना, चौकात ठेवायला नगरपालिकांना दिली जातात, उडण्यासाठी नाही. 2020 मध्ये अलीगढ मुस्लिम विद्यापीठातलं असंच एक मिग-23 कोणीतरी ओएलएक्सवर 9.99 कोटींना टाकलं होतं, विद्यापीठाला पत्ताच नव्हता.

आणि जिथे हे कायदेशीर आहे तिथेही ते सोपं नाही. अमेरिकेत अशी विमानं प्रदर्शनाच्या खास वर्गात, अटी घालून नोंदवतात, हवी तशी भाड्याने फिरवता येत नाहीत. इंग्लंडमध्ये 22 ऑगस्ट 2015 ला शोरहॅमच्या शोमध्ये एक जुनं हंटर जेट रस्त्यावर कोसळून 11 माणसं गेली, त्यानंतर तिथे जुन्या जेटवर कडक बंधनं आली. इजेक्शन सीटखाली स्फोटकं असतात, त्यांची मुदत संपते, ती बदलावी लागतात. त्या गोदामात मी ज्या सीटवर बसलो तिच्याखाली काय होतं आणि काय काढलेलं होतं, मी विचारलंसुद्धा नव्हतं.

तक्रार दिली. भारतीय न्याय संहितेच्या कलम 318(4) खाली फसवणुकीचा गुन्हा दाखल झाला. 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला, पण पैसे जाऊन दोन आठवडे झाले होते, एका खात्यात फक्त 38,000 गोठवता आले. 1930 वर फोन पैसे गेल्या-गेल्या करायचा असतो, तेव्हाच पैसे मध्ये अडवता येतात. कुणाचे आज-काल गेले असतील तर हे वाचणं सोडा आणि आधी तो फोन करा.

तपासात आणखी चौघं सापडले. रावेरचा एक केळीवाला, अमळनेरचे एक दुकानदार, चोपड्याचा एक तरुण ज्याला पायलट व्हायचं होतं, आणि शहाद्याचे एक निवृत्त गुरुजी. पाचही जणांना वेगवेगळं नाव सांगितलेलं, पण विमानाचा फोटो एकच. पाचही जणांच्या घरात कोणी ना कोणी सैन्यात आहे किंवा होतं. तो आधी तेवढंच शोधतो. तुमच्या घरातल्या फौजी माणसाबद्दल कोणी अनोळखी माणूस फार आपुलकीने विचारायला लागला तर सावध व्हा, आणि विमान म्हणा, जुनी जीप म्हणा, नोंदणी क्रमांक मागा, तो स्वतः तपासा, तपासेपर्यंत एक रुपया हलवू नका.

आम्ही चौघांनी एकत्र जबाब दिलेत. करार, पावत्या, कॉल रेकॉर्डिंग, फोटो, जे काही असेल ते पोलिसांना उपयोगी पडतं, त्यामुळे असं कोणाशी झालं असेल तर काही डिलीट करू नका, जवळच्या पोलीस ठाण्यात जा. शहाद्याचे गुरुजी मात्र अजून तक्रारीला तयार नाहीत. त्यांचा मुलगा सैन्यात होता, तो राहिला नाही. त्यांचेही चार लाख गेलेत आणि घरात त्यांनी कोणाला सांगितलेलं नाही. फोनवर ते मला म्हणाले, ‘शेपटीवर त्याचं नाव येणार होतं हो.’ येत्या शनिवारी मी आणि माझी मुलगी त्यांच्याकडे जाणार आहोत.