झुंजार, काळा पहाड आणि गंजलेल्या पिना

कोल्हापुरात महाद्वार रोडच्या बोळातलं हे जुन्या पुस्तकांचं दुकान रहस्यकथांसाठी नाद खुळा! बाबूराव अर्नाळकर, म्हणजे चंद्रकांत सखाराम चव्हाण (१९०६–१९९६), यांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या. इथं त्यांच्या झुंजार आणि काळा पहाड या नायकांच्या पुस्तकांचे गठ्ठे वेगळे बांधलेत, त्यामुळं शोधाशोध वाचते.

घासाघीस मात्र तपासल्यावरच करा. आधी शेवटचं पान बघा. भाड्याच्या वाचनालयात फिरलेल्या प्रतींचं तेच आधी गळतं, आणि खुनी कोण ते त्याच पानावर! मग फॉर्मे मोजा. फॉर्मा म्हणजे एकाच मोठ्या कागदावर छापून दुमडलेली पानं; तो बहुधा १६ पानांचा, त्याच्या पहिल्या पानाच्या तळाशी बारीक आकडा असतो. ३ नंतर थेट ५ आला की मधली १६ पानं गायब. पिना गंजल्या असतील तर पुस्तक सपाट उघडू नका, कागद पिनेभोवती फाटतो. पिना काढून दोऱ्यानं शिवून घ्या.

दुकानदार प्रती प्लॅस्टिकमध्ये गच्च बांधून देतात, ते चुकीचं. कोल्हापूरच्या पावसात आत ओल कोंडते, बुरशी धरते. घरी प्लॅस्टिक काढून प्रती दोन दिवस पंख्याखाली, सावलीत ठेवा. उन्हात नको, कागद आणखी ठिसूळ होतो.

मुखपृष्ठ नसलेल्या प्रतीला पूर्ण भाव देऊ नका.