फिफ्थ व्हील ट्रेलरसाठी पिकअप: पाऊण टन घ्यावा की एक टन?

अमेरिकेत किंवा कॅनडात राहणाऱ्या कुटुंबाने फिफ्थ व्हील ट्रेलर, म्हणजे पिकअपच्या हौद्यात टेकवून ओढायचे चाकांवरचे घर, घ्यायचे मनावर घेतले की पिकअपच्या जाहिरातीतला जो सर्वांत मोठा आकडा नजरेत भरतो, तो ओढण्याच्या क्षमतेचा असतो. पाऊण टन वर्गातल्या (फोर्ड एफ-२५० किंवा रॅम २५००; ‘टन’ हे वर्गाचे नाव, प्रत्यक्ष वजन नव्हे) डिझेल ट्रकची ही क्षमता १८,००० पौंडांच्या आसपास किंवा त्याहूनही अधिक सांगितली जाते. साहजिकच १२,००० पौंडांचा ट्रेलर त्याच्यापुढे किरकोळ वाटतो. प्रत्यक्षात निर्णय ओढण्याच्या आकड्यावर क्वचितच अडतो. तो अडतो ट्रक स्वतःच्या पाठीवर किती वजन पेलू शकतो, म्हणजे पेलोड किती, ह्यावर.

ह्याचे कारण जोडणीत आहे. साधा ट्रेलर ट्रकच्या मागच्या बंपरखाली जोडला जातो आणि त्याच्या एकूण वजनापैकी साधारण १० ते १५ टक्के भार ट्रकवर येतो. फिफ्थ व्हीलचे पुढचे टोक मात्र हौद्यात, मागच्या ॲक्सलच्या बरोबर वर किंवा किंचित पुढे बसवलेल्या हिचवर, म्हणजे जोडणीच्या साधनावर, टेकते. न्हावा शेव्याच्या रस्त्यावरचे कंटेनर ट्रेलर जसे जोडलेले असतात, तशीच ही रचना. त्यामुळे ट्रेलर वाऱ्यात कमी डुलतो आणि वळणावर आज्ञेत राहतो, पण त्याच्या वजनाचा १५ ते २५ टक्के भार पिनमधून, म्हणजे हिचमध्ये अडकणाऱ्या ट्रेलरच्या खुंटीतून, थेट ट्रकवर उतरतो. हिशेबासाठी २० टक्के धरणे ही वाजवी सावधगिरी आहे.

एक उदाहरण घेऊ. भरलेल्या ट्रेलरचे कमाल अनुज्ञेय वजन १२,००० पौंड आहे, म्हणजे सुमारे ५,४४० किलो. पिनवरचा भार २,४०० पौंड. हिच साधारण २०० पौंडांची. गाडीत नवरा-बायको, एक मूल आणि उन्हाळ्यात भारतातून आलेले आजी-आजोबा मिळून ७०० पौंड, आणि आसनांमागे ठेवलेले किरकोळ सामान १०० पौंड. एकूण ३,४०० पौंड. ह्या बेरजेसमोर ठेवायचा आकडा माहितीपत्रकात शोधू नये. तो ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेल्या पट्टीवर असतो, आणि माणसे व सामान मिळून किती वजनाच्या पुढे जाऊ नये हे तिथे त्या विशिष्ट गाडीसाठी छापलेले असते. एकाच मॉडेलच्या दोन ट्रकांत सनरूफ, चौचाकी ड्राइव्ह आणि चामड्याच्या आसनांपायी काहीशे पौंडांचा फरक सहज पडतो.

अर्धा टन वर्ग, म्हणजे फोर्ड एफ-१५०, रॅम १५०० किंवा सिल्व्हराडो १५००, ह्यांचा निकाल लवकर लागतो. त्यांच्या पट्टीवर बहुधा १,४०० ते २,००० पौंडांच्या मधला आकडा असतो. १,७०० पौंड धरले आणि माणसे, हिच व सामान ह्यांचे हजार पौंड वजा केले तर पिनसाठी ७०० उरतात, म्हणजे ट्रेलर ३,५०० पौंडांचा. इतका हलका फिफ्थ व्हील बाजारात जवळजवळ नसतोच. ‘अर्ध्या टनालाही चालेल’ अशा पाटीखाली काही हलके फिफ्थ व्हील विकले जातात. दोघांच्या संसाराला त्यातला एखादा कदाचित बसेल, पाच माणसांच्या कुटुंबाला नाही.

खरी तुलना पाऊण टन आणि एक टन ह्यांची आहे, आणि तिच्यातली गुंतागुंत डिझेल इंजिनामुळे येते. पाऊण टन ट्रकांचे एकूण अनुज्ञेय वजन (ट्रक, माणसे, सामान आणि पिनवरचा भार मिळून) अनेक वर्षे १०,००० पौंडांवर थांबवलेले असे, कारण अमेरिकेच्या वर्गीकरणात ८,५०१ ते १०,००० पौंडांचा गट तिथे संपतो आणि पुढचा, अधिक अवजड गाड्यांचा गट सुरू होतो. डिझेल इंजिन पेट्रोल इंजिनापेक्षा पाचशे ते आठशे पौंडांनी जड पडते. चार दारांचा, चौचाकी ड्राइव्हचा डिझेल ट्रक रिकामाच ७,८०० पौंडांचा भरला तर दहा हजारांतून उरतात फक्त २,२००. त्यातून आपले हजार वजा करा: पिनसाठी १,२००, म्हणजे ६,००० पौंडांचा ट्रेलर. अठरा हजारांची जाहिरात असलेल्या गाडीची ही खरी मर्यादा आहे, आणि विक्रेता ती आपणहून सांगेल अशी अपेक्षा ठेवू नये. काही नव्या पाऊण टन मॉडेलांत दहा हजारांची कमाल मर्यादा ओलांडलेली आहे, म्हणून वर्गाच्या नावावर विसंबण्यापेक्षा पट्टी वाचणे शहाणपणाचे.

पेट्रोलवर चालणारा पाऊण टन ट्रक ह्या हिशेबात डिझेलपेक्षा सरस ठरतो. त्याचे पेलोड ३,२०० पौंड असेल तर आपल्या उदाहरणात तो दोनशे पौंडांनी कमी पडतो, पण आजी-आजोबा परत गेल्यावर तोच ट्रक तोच ट्रेलर मर्यादेच्या आत, जेमतेम का होईना, नेऊ शकतो. तोटा घाटात कळतो. टर्बो नसलेले पेट्रोल इंजिन दर हजार फूट उंचीमागे साधारण तीन टक्के ताकद गमावते; कोलोरॅडोत आय-७० महामार्गावरचा आयझेनहॉवर बोगदा समुद्रसपाटीपासून ११,००० फुटांहून उंच आहे, तेव्हा तिथे पोहोचेपर्यंत जवळजवळ एक तृतीयांश ताकद गेलेली असते. उतरताना डिझेलचा एक्झॉस्ट ब्रेक, म्हणजे धुराची वाट अडवून इंजिनाकडूनच वेग रोखून घेणारी यंत्रणा, वेग धरून ठेवतो आणि चाकांचे ब्रेक तापण्यापासून वाचतात. पेट्रोलमध्ये ते काम खालच्या गिअरवर सोपवावे लागते, आणि ते होते, पण इंजिनाच्या ओरडण्याची सवय करून घ्यावी लागते. पेट्रोल घेतलेच तर मागच्या ॲक्सलचे गिअर-गुणोत्तर ३.७३ ऐवजी ४.१० किंवा ४.३० निवडावे; आकडा मोठा तितका ओढण्याचा जोर जास्त.

एक टन वर्गात, म्हणजे फोर्ड एफ-३५० किंवा रॅम, सिल्व्हराडो ३५००, मागे दोन चाकांचा ट्रक घेतला तर पेलोड साधारण ३,५०० ते ४,२०० पौंड मिळते. ४,००० पौंडांच्या ट्रकवर आपली ३,४०० पौंडांची बेरीज टाकली तरी ६०० शिल्लक राहतात, आणि डिझेलही घेता येते. पाऊण टनापेक्षा त्याची किंमत वाढते ती डिझेलच्या पर्यायाच्या तुलनेत थोडीच. डिझेलसाठी नऊ-दहा हजार डॉलर किंवा अधिक मोजणाऱ्याने हा वरचा फरक वाचवणे मला तरी अनाकलनीय वाटते. लांबी-रुंदी जवळजवळ तीच असते. रिकाम्या गाडीत स्प्रिंग थोड्या कडक लागतात, एवढेच.

मागे चार चाके असलेला ‘ड्युअली’ पेलोड पाच हजारांच्या पुढे नेतो. १५,००० पौंडांच्या वरचा ट्रेलर असेल तर त्याला पर्याय नाही असेच मी म्हणेन: आडव्या वाऱ्यात तो ठाम राहतो आणि मागचे एक टायर फुटले तरी त्या बाजूला दुसरे असते. परंतु सुमारे आठ फूट रुंदीची ही गाडी रोज कार्यालयाच्या पार्किंगमध्ये न्यायची असेल तर १२,००० पौंडांच्या ट्रेलरसाठी ती हौस महागात पडते.

आता ओढण्याच्या आकड्याविषयी थोडे. तो निरर्थक नाही. एसएई जे२८०७ ह्या, ओढण्याची क्षमता ठरवण्याच्या मानकाप्रमाणे ॲरिझोनातील डेव्हिस डॅमचा सुमारे ११ मैलांचा चढ एसी पूर्ण चालू ठेवून चढावा लागतो, आणि मागे दोन चाकांच्या ट्रकने ताशी ४० मैलांखाली येता कामा नये. मात्र ट्रकमध्ये ड्रायव्हर आणि एकच प्रवासी, प्रत्येकी १५० पौंडांचा, असे त्यात धरलेले असते. ट्रक व ट्रेलर मिळून एकत्रित वजनाची मर्यादा ठरलेली असल्याने ट्रकमध्ये चढलेले प्रत्येक जादा माणूस ओढण्याच्या क्षमतेतून वजा होते.

ट्रेलरच्या बाजूने फसवणारा आकडा म्हणजे रिकामे वजन. त्यात पाणी, सामान आणि बहुतेकदा बॅटऱ्याही नसतात. पाणी गॅलनला ८.३४ पौंड भरते. ६० गॅलनची टाकी भरली की पाचशे पौंड वाढले, आणि टाकी चाकांच्या पुढे असेल तर त्याचा मोठा वाटा पिनवरच येतो. म्हणून हिशेब नेहमी कमाल अनुज्ञेय वजनावर करावा. मागे गॅरेज असलेल्या ‘टॉय हॉलर’मध्ये गंमत उलटी असते: गॅरेज रिकामे असताना पिनवरचा भार जास्त असतो आणि मोटारसायकली चढवल्यावर तो कमी होतो. हवेच्या पिशव्या बसवून ट्रकची पाठ समतल करता येते, पण पट्टीवरची मर्यादा त्याने एक पौंडही वाढत नाही.

हौदा साडेपाच फुटांचा असेल तर तीव्र वळणात ट्रेलरचा कोपरा केबिनच्या काचेला लागू शकतो, म्हणून सरकणारी, आणि अर्थात अधिक जड, हिच लागते. आठ फुटी हौद्यात ही चिंता नसते. परवान्याचेही पाहावे: कॅलिफोर्नियात १०,००० पौंडांवरच्या आणि १५,००० पर्यंतच्या फिफ्थ व्हीलसाठी नेहमीच्या परवान्यावर वेगळी नोंद करून घ्यावी लागते, त्याहून जड असेल तर वरच्या वर्गाचा परवाना.

खरेदीनंतर ट्रेलर प्रवासाला निघताना भरतो तसा भरून, सगळ्यांना गाडीत बसवून, महामार्गावरच्या ट्रक स्टॉपमधील कॅट स्केल ह्या वजनकाट्यावर न्यावा. तिथे ट्रकचा पुढचा ॲक्सल, मागचा ॲक्सल आणि ट्रेलरचे ॲक्सल ह्यांची वजने वेगवेगळी छापून मिळतात. मग ट्रेलर सोडून, सामान व माणसे तशीच ठेवून, एकटा ट्रक पुन्हा तोलावा; ट्रकच्या दोन्ही ॲक्सलांच्या बेरजेत पडलेला फरक हाच पिनवरचा खरा भार होय, आणि मागच्या ॲक्सलचा आकडा दाराच्या चौकटीवर छापलेल्या त्या ॲक्सलच्या मर्यादेशीही ताडून पाहावा.