पॅराग्लायडर की पॅरामोटर? एकट्याने उडायचं ठरवलेल्यांसाठी

इव्ह रॉसी या स्विस वैमानिकाने २६ सप्टेंबर २००८ रोजी पाठीला पंख बांधून कॅले ते डोव्हर अशी इंग्लिश खाडी ओलांडली. पंखाखाली चार छोटी जेट इंजिनं होती आणि दहा मिनिटंही लागली नाहीत. ते उड्डाण पाहिल्यापासून ज्यांना चैन पडत नाही, त्यांच्यासाठी हे लिहितोय. तो जेटचा पंख दुकानातून आणता येत नाही. तो घेऊन आधी विमानातून किंवा हेलिकॉप्टरमधून उडी मारायची, आणि खाली यायचं ते पॅराशूटने. जमिनीवरून उठून थेट १८०० मीटरपर्यंत चढण्याचं काम फ्रान्सच्या व्हिन्स रेफेने फेब्रुवारी २०२० मध्ये दुबईत करून दाखवलं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सरावादरम्यान त्याचा मृत्यू झाला. इतका कसलेला माणूस गेला, तेव्हा तुम्हीआम्ही त्या वाटेला न गेलेलंच बरं.

पण रॉसीच्या पंखातली एक गोष्ट आपल्या आवाक्यातली आहे. त्याला सुकाणू नाही. हातात फक्त थ्रॉटल, आणि वळायचं ते खांदे, मान, पाठ वळवून. मला त्याच्या वेगापेक्षा याचंच वेड लागलं. अंगाने उडायचं. हे सुख कुठे जास्त मिळतं, एवढ्याच मापाने मी पुढची दोन्ही यंत्रं तोलली: पॅराग्लायडर म्हणजे डोंगरावरून धावत उडायचा, इंजिन नसलेला कापडी पंख, आणि पॅरामोटर म्हणजे तसाच पंख, पण पाठीवर इंजिन. तुमचं माप वेगळं असू शकतं.

पॅरामोटरची बाजू आधी मांडतो, कारण ती खरोखर भक्कम आहे. सपाट मैदान असलं की काम झालं. तुम्ही लातूर-परभणीकडचे असाल आणि शंभर किलोमीटरवरही धड उड्डाणाचा डोंगर नसेल, तर निर्णय जवळजवळ झालाच. इंजिन तासाला तीन-चार लिटर पेट्रोल खातं, म्हणजे भरल्या टाकीवर दोन-तीन तास हवेत काढता येतात. सकाळी वारा पडलेला असताना उठायचं, ऊन चढायच्या आत उतरायचं. हवेची मनधरणी करावी लागत नाही. पॅराग्लायडरवाले कामशेतच्या टेकडीवर दुपारभर ताटकळतात आणि कित्येकदा पंखाची पिशवी न उघडताच परत जातात. मीही गेलोय. आठवडाभर नोकरी करून हाती आलेला रविवार असा गेला की जीव चडफडतो.

तरीही इंजिन माझ्याकडून सुटलं, ते आवाजामुळे किंवा वजनामुळे नाही. वजनाची सवय होते. हेल्मेटखाली इयरमफ लावला की आवाजही सोसतो. माझ्या डोक्याला ताप झाला तो सायलेन्सरचा. टू-स्ट्रोक इंजिनाची थरथर इतकी असते की सायलेन्सर धरून ठेवणारे रबराचे माउंट आणि स्प्रिंगा सतत मार खात असतात. रबराला केसाएवढी चीर पडते, ती बोटाने दाबून वाकवल्याशिवाय दिसतसुद्धा नाही. स्प्रिंग तुटली तर थेट मागच्या प्रॉपमध्ये, म्हणजे फिरत्या पंख्यात, जाऊ नये म्हणून ती सेफ्टी वायरने बांधायची. प्रत्येक उड्डाणाआधी हे सगळं चाचपायचं, नंतर पुन्हा चाचपायचं. बोल्ट सैल, कार्ब्युरेटर रुसलेला, टूटी ऑइलचं मिश्रण कमीजास्त. शनिवारची संध्याकाळ पाना हातात घेऊन पार्किंगमध्ये जायची आणि गाडीच्या डिकीतला पेट्रोलचा वास जाता जात नसे.

तेवढं मी सोसलंही असतं. पण ही काळजी माझ्यासोबत वरही यायला लागली. खाली भाताची खाचरं, समोर सह्याद्रीची कड, आणि मी मात्र जिवाचा कान करून इंजिन ऐकतोय. सूर जरा बदलला की नजर लगेच उतरायला मोकळं शेत शोधायची. ही सावधगिरी योग्यच आहे, इंजिन बंद पडणार हे धरूनच उडायचं असतं. पण मग माझं अंग उडत नव्हतं, मी यंत्राची राखण करत होतो. शिवाय इंजिनाची फ्रेम पंखाला जिथून टांगतात ते बिंदू बहुतेक जुन्या पद्धतीच्या फ्रेममध्ये वर असतात, त्यामुळे कंबर झुकवून वळायला फारसा वाव राहत नाही. खाली बिंदू असलेल्या फ्रेम येतात, त्यांत बरंच बरं असतं, पण माझ्या अंगाला तो फरक पुरेसा वाटला नाही.

पॅराग्लायडरमध्ये थर्मलची, म्हणजे तापून वर चढणाऱ्या हवेच्या झोताची, कड लागते तेव्हा आधी एका मांडीखालची सीट वर ढकलली जाते. व्हेरिओ, म्हणजे वर चढतोय हे आवाजाने सांगणारं यंत्र, किलबिलायला लागायच्या आतच ते कळतं. ज्या बाजूने उचललं त्याच बाजूला कंबर टाकायची, आतला ब्रेक, म्हणजे त्या बाजूची पंख वळवायची दोरी, थोडा ओढायचा, आणि पंख त्या वर चढणाऱ्या हवेत वळायला लागतो. बाजूला घार गिरक्या घेत असेल तर ती तुमच्यापेक्षा चांगला गाभा धरून असते, तिच्या मागे जायचं. रॉसीच्या खांद्यांना जे कळत असेल, त्याच्या सर्वांत जवळचं मला इथे मिळालं, तेही ताशी पस्तीस-चाळीस किलोमीटरच्या वेगात.

धोक्याच्या बाबतीत एक डावा, एक उजवा असं म्हणणं कठीण आहे. पॅराग्लायडर दुपारच्या खवळलेल्या थर्मलमध्ये मिटू शकतो, पॅरामोटरवाले ती वेळ टाळतात. पण पॅरामोटरच्या गंभीर जखमा पुष्कळदा जमिनीवरच होतात, इंजिन सुरू करताना हात प्रॉपमध्ये जाऊन. आणि कोकणात खाडीवरून उडायची हौस असेल तर पाठीवरच्या इंजिनासह पाण्यात पडणं काय असतं याचा आधी विचार करा, तरंगण्याची सोय बसवल्याशिवाय तिकडे जाऊच नका. परवानगीची चौकशी दोन्हीला लागते; मुंबईत तर पोलिस ड्रोनबरोबर पॅराग्लायडरवरही वेळोवेळी बंदीचे आदेश काढतात.

पुण्या-मुंबईत राहत असाल आणि कामशेत गाठता येत असेल, तर मी पॅराग्लायडरकडे झुकेन. पंख सांभाळायची कला दोन्हीकडे एकच, त्यामुळे ऑक्टोबरनंतरच्या एका मोसमात आधी ते शिका. पुढे इंजिन घ्यावंसं वाटलं तरी ते शिकणं वाया जात नाही. ग्राउंड हँडलिंगचा, म्हणजे जमिनीवरच उभं राहून पंख सांभाळायच्या सरावाचा, कंटाळा करू नका. पहिला पंख ईएन-ए वर्गातलाच, म्हणजे नवशिक्यांसाठीच्या सर्वांत सोप्या वर्गातलाच घ्या. सेकंडहँड घेत असाल तर कापडातून हवा किती झिरपते आणि दोऱ्यांची लांबी किती फरकाने बदलली आहे, याचा तपासणी अहवाल मागा आणि रिझर्व्ह, म्हणजे आणीबाणीचं पॅराशूट, शेवटचं कधी उघडून पुन्हा घडी घातलं तेही विचारा. विकणारा टाळाटाळ करू लागला तर दुसरा पंख बघा.