दांडेलीचं बुकिंग आणि माझे २४,७१२ रुपये

आकडा आधी लिहून टाकतो, नाहीतर पुढं लाजेनं कमी लिहीन. २,०००. मग ८,८५६. मग ५,०००. मग परत ८,८५६. एकूण २४,७१२ रुपये, आणि चारही वेळा पिन मी माझ्याच बोटानं टाकलाय. कुणी फोन हॅक केला नाही, कुणी ओटीपी काढून घेतला नाही. त्यामुळं "असं कसं फसलास रे" म्हणणाऱ्यांनी दोन मिनिटं थांबावं. मीही इतरांना हेच म्हणत होतो.

बेळगावातल्या माणसाला उन्हाळ्यात पोरांना न्यायचं कुठं, हा प्रश्न दरवर्षी पडतो. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात शाळा सुटतात आणि मेअखेरपर्यंत घरात धुडगूस. गोकाकचा धबधबा उन्हाळ्यात नुसता कातळ. गोडचिनमलकीची तीच गत. राजहंसगड सकाळी नवाच्या आत उतरला नाही तर डोकं तापतं. भूतरामहट्टीचं प्राणिसंग्रहालय इतक्या वेळा झालंय की कुठला वाघ कुठं झोपतो हे माझा धाकटाच सांगतो. सौंदत्तीला जाऊ म्हटलं तर मुलगी म्हणाली, तो देव झाला, सहल कुठं झाली? गोव्यात मे महिन्यात घामाच्या धारा. राहिली दांडेली. काळी नदीवर सुपा धरण आहे, विजेसाठी तिथून पाणी सोडतात आणि त्या पाण्यावर गणेशगुडीला उन्हाळ्यातही राफ्टिंग चालतं. सावली, पाणी, गाडीनं दोन-अडीच तास. निवड चुकली नव्हती हो. आजही म्हणतो, निवड चुकली नव्हती.

२०२५ साली सुट्ट्याही कशा जुळून आल्या होत्या. ३० एप्रिलला बसव जयंती आणि अक्षय तृतीया, १ मे कामगार दिन, शुक्रवारी एक रजा टाकली की झालं. आम्ही चौघं, अक्का, दाजी आणि त्यांचा मुलगा. चार मोठी, तीन पोरं, दोन कॉटेज, दोन रात्री.

मोबाइलवर शोधलं, नदीकाठचं एक रिसॉर्ट आवडलं, नकाशावर त्याच्या नावाखाली नंबर होता तो लावला. रिसॉर्ट खरं आहे, फोटो खरे आहेत, खाली लोकांनी लिहिलेलं कौतुकही खरं आहे. फक्त नंबर भामट्याचा. हे मला कुठून कळणार? जिथं सगळं खरं आहे तिथं दहा आकडे तेवढे खोटे असतील असं कुणाच्या मनात येतं?

पलीकडचा हिंदीत बोलत होता. त्यानंही मला खटकलं नाही. आपल्याकडं हॉटेलात काम करणारी निम्मी पोरं बाहेरची, त्यांच्याशी आपण हिंदीतच बोलतो. पण दोन गोष्टी तेव्हाच खटकायला हव्या होत्या. मी विचारलं, राफ्टिंगसाठी सुपाचं पाणी कधी सोडतात? तर म्हणाला, "सर, पानी चौबीस घंटा है." लॉजवर गरम पाण्याबद्दल सांगतात तसं. मी हसलो आणि सोडून दिलं. दुसरी गोष्ट, त्यानं पोरांची वयं विचारली नाहीत. धाकटा सात वर्षांचा आहे. राफ्टवर बसवणारा खरा माणूस आधी वय विचारतो, मग पैशाचं बोलतो. ज्याला फक्त डोकी मोजायची असतात, तो धंदा वेगळा.

भाडं एका कॉटेजचं एका रात्रीला ४,६००, म्हणजे १८,४०० झाले. टोकन दोन हजार. १९ एप्रिलला, शनिवारी दुपारी, ऑफिसात बसूनच पाठवले. यूपीआयवर नाव आलं कुठल्यातरी बाईचं, रिसॉर्टचं नाही. विचारलं तर म्हणाला, "वो हमारी अकाउंटंट मॅडम है." आता गंमत बघा. मी स्वतः अकाउंटंट. मनात म्हटलं, असेल बिचारी, शनिवारी दुपारी आपल्यासारखीच कामाला जुंपलेली.

आणि मग ते बिल आलं.

हे लिहिताना आत्ताही कान तापतात. मी शिनोळीच्या, म्हणजे सीमेपलीकडं महाराष्ट्रातल्या, एका कारखान्यात बावीस वर्षं हिशेब बघतोय. जीएसटी आल्यापासून माझ्या डोळ्यांसमोर रोज दोनच आकडे नाचतात, २९ आणि २७. जीएसटी नंबरचे पहिले दोन अंक राज्याचे. कर्नाटक २९, महाराष्ट्र २७. बेळगावच्या पार्टीचं बिल की कोल्हापूरच्या, हे मी पार्टीचं नाव न वाचता सांगतो. त्या शनिवारी २० तारखेच्या रिटर्नची गडबड होती, स्क्रीनच्या एका बाजूला रिटर्न उघडं आणि दुसऱ्या बाजूला या रिसॉर्टचं बिल. बिलावरचा नंबर ०८ नं सुरू होत होता. शून्य आठ म्हणजे राजस्थान. काळी नदीच्या काठावर राजस्थानचं रिसॉर्ट!

बरं, तेवढ्यानं भागलं नाही. खाली कर लावलेला १८ टक्के, ३,३१२ रुपये. साडेसात हजारांच्या आतल्या खोलीला तेव्हा १२ टक्के होता. हे मला पाठ आहे, साहेबांची हॉटेलची बिलं मीच तर पास करतो. एका विक्रेत्यानं असं बिल आणलं असतं तर त्याच्या तोंडावर फेकलं असतं. पण हे घरचं होतं, सहलीचं होतं, आणि मी बेरीज बरोबर आहे का तेवढीच तपासली. १८,४०० अधिक ३,३१२, बरोबर २१,७१२. बेरीज चोख होती. भामट्याची बेरीज कधी चुकत नाही.

दोन दिवस ते बिल माझ्या मोबाइलमध्ये होतं. बायकोला दाखवलं, दाजींना पाठवलं, "पक्कं बिल आहे" म्हणून मिशीला पीळ दिला. निम्मे पैसे आगाऊ द्यायचे होते, त्यातून टोकन वजा जाता उरलेले ८,८५६ मी २१ तारखेला रात्री घरून पाठवले. जीएसटीच्या सरकारी संकेतस्थळावर लॉगिन न करता कुणाचाही नंबर टाकून नाव-पत्ता बघता येतो, अर्ध्या मिनिटाचं काम आहे. रोज करतो. त्या दिवशी नाही केलं. तुम्ही तरी करा.

२८ तारखेला संध्याकाळी कामावरून येताना बाची आणि शिनोळीच्या मधल्या टपरीवर चहा घेत होतो, तेव्हा फोन आला. राफ्टिंगचं डिपॉझिट, ५,०००, परत मिळणारं. पाठवले. रात्री परत फोन. २१ तारखेचं पेमेंट सिस्टीममध्ये अडकलंय, दुसरी पार्टी थांबलीय, कॉटेज सुटतील, तीच रक्कम परत पाठवा, आधीची ४८ तासांत आपोआप खात्यात येईल. हा प्रकार तुम्हाला ठाऊक आहे, मलाही होता. पण शेजारी पोरगं पोहण्याचा चष्मा डोळ्याला लावून बसलं होतं. ८,८५६ गेले. "परत मिळणारं" हा शब्द पैसे घेणारा स्वतःहून काढतो तेव्हा फोन ठेवायचा, पुढचं ऐकायचं सुद्धा नाही.

३० तारखेला त्यानं क्यूआर पाठवला. स्कॅन करा, पिन टाका, १३,८५६ परत येतील. मुलगी तेरा वर्षांची आहे, ती बाजूलाच होती. म्हणाली, "पप्पा, पैसे यायला पिन कशाला लागतो?" मी तिच्यावर खेकसलो. खरं सांगतो, खेकसलो. पण स्कॅन केलं नाही, काउंटरवरच घेतो म्हणून कळवलं. तो म्हणाला, "ठीक है सर, काउंटर पे ले लेना." एवढ्या शांतपणे म्हणाला की उरलासुरला संशयही गेला. आणि आम्ही निघालो.

खानापूर, लोंढा, रामनगर करत साडेदहाला गेटवर. मॅनेजरनं वहीत बघितलं, माझं बिल बघितलं, आणि काही न बोलता सगळ्यांना लिंबू सरबत आणायला सांगितलं. तेव्हाच मला कळलं. असं बिल घेऊन आलेले आम्ही पहिले नव्हतो. त्यांचा स्वतःचा नंबर २९ नं सुरू होणारा, भिंतीवर चौकटीत लावलेला. बुकिंग फुल्ल, एकही कॉटेज नाही. धाकटा गाडीतून उतरला तोच पोहण्याची चड्डी घालून. अक्का म्हणाली, "असू दे की रे, चालतंय." अक्का असं म्हणाली की फार लागतं.

तिथून जेवून परत फिरलो. जेवणाचे १,१९०, डिझेलचे १,६५०, हे वरच्या आकड्यात धरलेले नाहीत. येताना असोग्याला थांबलो, मलप्रभेत गुडघाभर पाण्यात पोरं दोन तास खेळली. तिकीट नाही, टोकन नाही. दाजींच्या वाट्याचे १२,३५६ मी दुसऱ्या दिवशी देऊ केले. "छे, छे, असू देत," म्हणाले, आणि घेतले.

आता पुढचं ऐका.

१९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीची तक्रार घेणाऱ्या सरकारी नंबराला, फोन केला तो त्या रात्री नऊला. फोनवरच्या बाईनं तक्रार नीट लिहून घेतली, नंबर दिला आणि विचारलं, २८ तारखेलाच का नाही केलात? पैसे पुढच्या खात्यांत सरकायच्या आत कळवलं तरच धरता येतात. चूक माझी. भांडण, रडणं, नातेवाइकांना सांगणं सगळं नंतर. आधी १९३०.

२ मेला घराजवळच्या ठाण्यात. फॉर्म कन्नडमध्ये. मला कन्नड बोलता येतं, लिहायला वेळ लागतो. मराठीत लिहून देतो म्हटलं तर नको, इंग्रजीत द्या. दिलं. मग विचारलं, खातं कुठलं? पगाराचं खातं शिनोळीच्या बाजूचं. "महाराष्ट्राचं? मग तिकडं जा." तिकडं गेलो. तिकडचे म्हणाले, राहता कुठं? बेळगावात. "मग तुमची हद्द ती." मी म्हटलं, साहेब, गुन्हा मोबाइलवर झालाय. "मोबाइल कुठं होता?" मी खरंखरं सांगितलं. एकदा शिनोळीत, दोनदा घरी, आणि एकदा टपरीवर. तो माणूस गंभीरपणे म्हणाला, टपरी सीमेच्या अलीकडं की पलीकडं ते आधी बघून या. सीमाप्रश्नावर आमच्या तीन पिढ्या गेल्या, पण चहाच्या टपरीची हद्द ठरवायची वेळ माझ्यावर यावी!

मावसभाऊ वकिली करतो. त्यानं सांगितलं, १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू आहे, कलम १७३ प्रमाणे हद्द कुठलीही असो, तक्रार कुठल्याही ठाण्यात नोंदवता येते, झिरो एफआयआर म्हणतात त्याला. मी ते कागदावर लिहून अलीकडच्या ठाण्यात परत गेलो. "कायदा आम्हाला शिकवायचा नाही." साहेब बंदोबस्ताला गेलेत. "नाळे बर्री," म्हणजे उद्या या. उद्या गेलो. साहेब मीटिंगला. नाळे बर्री. परवा गेलो, तर स्टेटमेंटवर बँकेचा शिक्का नाही. शिक्का आणला, तर चारही व्यवहारांवर वेगवेगळा हवा. चार रजा गेल्या माझ्या, आणि त्या रजा कुठल्याच तक्रारीत धरत नाहीत. शेवटी सहाव्या खेपेला पोचपावती मिळाली. तीही मावसभाऊ काळा कोट घालून सोबत आला म्हणून.

बँकेचं तर एकच पालुपद. पिन तुम्ही टाकलात, व्यवहार तुमचा. मान्य. पण पैसे गेले ते खातंही कुठल्यातरी बँकेनंच कुणाचीतरी कागदपत्रं बघून उघडलंय ना? आम्ही घरचा पत्ता बदलायला गेलो तर तीन पुरावे मागता, आणि त्या "अकाउंटंट मॅडम"चं खातं कुणी, काय बघून उघडलं, ते कोण सांगणार? काउंटरवरची मुलगी म्हणाली, सर, लंच टाइम आहे. तिच्यावर रागावून उपयोग नाही, हे कळतं. तरी रागावलो. लेखी तक्रार दिली की तारीख टाकून पोच घ्या. तीस दिवसांत उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं जाता येतं, तेव्हा ती तारीख लागते.

आणखी एक. दांडेलीलाच जायचं असेल तर सरकारच्या जंगल लॉजेसचा कॅम्प तिथं आहे, बुकिंग त्यांच्या स्वतःच्या संकेतस्थळावर. खाजगी ठिकाणी जायचं तर तिथं नुकताच कोण जाऊन आलाय ते शोधा आणि त्याच्याकडून नंबर घ्या. आमच्या शेजारचे मार्चमध्ये याच रिसॉर्टला जाऊन आले होते. भिंतीला भिंत लागून आहे. मी विचारलं नाही, कारण मग ते म्हणाले असते, आम्ही गेलो म्हणून तुम्हीही निघालात होय?

जूनच्या अखेरीस ठाण्यातून फोन आला, स्वतःहून. तिसऱ्या की चौथ्या खात्यात माझ्यातले २,३१६ रुपये गोठवलेले सापडलेत, पण सोडवायला कोर्टाचा आदेश लागेल, अर्ज करा. मावसभावाला विचारलं. तो घरचा म्हणून फी घेणार नाही, पण ते काम त्याच्याकडं नाही, दुसऱ्या वकिलाकडं द्यावं लागेल. त्याची फी ३,०००. पक्कं बिल देतो म्हणाला.