घानाला निघण्याआधी ट्वी: १९६३ चा फुकट अभ्यासक्रम आजही चालतो का?

दादर ते फोर्ट या पट्ट्यात जर्मन, फ्रेंच, जपानी शिकवणारे पैशाला पासरी मिळतात. ट्वीचं, म्हणजे घानातल्या अकान लोकांच्या भाषेचं, नाव काढलं तर समोरचा पुन्हा विचारतो, ‘काय म्हणालात?’ ड्युओलिंगोवरही ती नाही. त्यामुळे एल्मिना, केप कोस्ट, कुमासी असा घानाचा वारसा-प्रवास ठरवणाऱ्या मुंबईकराच्या हाती तीन गोष्टी उरतात: अमेरिकेच्या फॉरिन सर्व्हिस इन्स्टिट्यूटने १९६३ साली काढलेला ‘ट्वी बेसिक कोर्स’, गूगल ट्रान्सलेट आणि तासावर पैसे घेणारा ऑनलाइन शिक्षक. इथे मुख्यतः पहिल्याबद्दल.

कोर्स सरकारी असल्यामुळे पीडीएफ आणि ध्वनिफिती दोन्ही नेटवर फुकट मिळतात. आमचं मत आधीच सांगून टाकतो. कान तयार करायला हा कोर्स उत्तम आहे, पण प्रवासात लागणारी वाक्यं त्यातून गोळा करत बसू नका.

कोर्स राजनैतिक अधिकाऱ्यांसाठी बनला. शिक्षक समोर बसलेला आहे, रोज काही तास हातात आहेत, हे त्यात गृहीत धरलंय. आधी नमुना वाक्य, मग ते घोकायचं, मग त्यातला एकेक शब्द बदलून तेच वाक्य पुन्हा म्हणायचं. कंटाळा येतो, पण जिभेला वळण लागतं ते यानेच. चूक होते ती पीडीएफ पहिल्या पानापासून कादंबरीसारखी वाचायला घेण्यात. सगळी छापून आणण्याचा खर्चही नको. सुरुवातीच्या थोड्या धड्यांचीच झेरॉक्स काढा आणि ध्वनिफीत आधी कागद न बघता ऐका. टेप जुन्या, खरखर आहे. व्हीएलसीमध्ये वेग ०.८ वर ठेवला तर आवाजाची पट्टी न बदलता बोलणं सावकाश होतं. या भाषेत आवाजाच्या चढउताराने अर्थ बदलतो, म्हणून सावकाश ऐकणं महत्त्वाचं. लोकलमध्ये ऐकणार असाल तर कानात घट्ट बसणारे इअरफोन हवेत. गाडीच्या घरघरीत शब्द कळतात, चढउतार बुडतात. आणि मोठ्याने म्हणून बघण्याचा सराव विरार फास्टमध्ये नको.

उच्चारांत मराठी माणूस इंग्रजीवाल्यांपेक्षा बराच पुढे असतो. ट्वीमधला के-वाय म्हणजे आपल्या ‘चिमणी’तला च (‘चमच्या’तला नव्हे), जी-वाय म्हणजे ‘जीवन’मधला ज, एच-वाय म्हणजे जवळपास श. टी-डब्ल्यूपुढे इ किंवा ए आला की ओठ गोल करून च्व म्हणायचं. भाषेचं नावही खरं तर ‘च्वी’च्या जवळ जातं. रोमन लिपीत नसलेली दोन स्वरचिन्हं आहेत. एक इंग्रजी तीनचा आकडा आरशात दिसावा तसं. त्याचा उच्चार ए आणि ॲ यांच्या मधला; खाली तो ॲ असा लिहिलाय, पण ‘बॅट’इतकं तोंड उघडू नका. दुसरं उलट्या सी-सारखं, म्हणजे आपला ऑ. घानाची मंडळी मोबाइलवर घाईत पहिल्यासाठी सरळ तीनचा आकडा आणि दुसऱ्यासाठी उजवा कंस टाइप करतात. हॉटेलवाल्याच्या मेसेजमध्ये शब्दाच्या पोटात तीन दिसला तर तो आकडा नाही. टाइपरायटरवरच्या पानाच्या स्कॅनमधून मजकूर कॉपी केला की हीच दोन चिन्हं आधी बिघडतात आणि साधी ई, ओ होतात. तो मजकूर तसाच ट्रान्सलेटरमध्ये टाकला तर अर्थ भलताच निघू शकतो.

खरी अडचण स्वरांच्या उंचीची आहे. ‘पापा’ घ्या. दोन्ही अक्षरं उंच म्हटली तर ‘चांगलं’, पहिलं खाली आणि दुसरं वर म्हटलं तर ‘वडील’, दोन्ही खाली तर ‘पंखा’. रोजच्या लिखाणात ही उंची दाखवत नाहीत, म्हणून नुसती वाक्यांची यादी पाठ करणाऱ्याला ती कधीच सापडत नाही. वर ही उंची ठरलेली नसते. गायकाने सा काळी एकचा लावला काय आणि काळी चारचा लावला काय, सुरांमधलं अंतर तेच राहतं, तसंच हे. शिवाय वाक्य पुढे सरकतं तसे उंच स्वरही थोडे थोडे खाली येतात. वाक्याच्या शेवटचा ‘उंच’ सुरुवातीच्या ‘खालच्या’इतकाच ऐकू येऊ शकतो. हे वाचून समजत नाही, ऐकूनच कळतं. हा कोर्स फुकट असूनही मोलाचा वाटतो तो इथेच.

दुसरी गोष्ट नकाराची. ‘मेपॅ’ म्हणजे मला हवंय, ‘मेम्पॅ’ म्हणजे नको. फरक फक्त मधल्या अनुनासिकाचा, तोही पुढच्या व्यंजनाप्रमाणे म किंवा न होतो. शाकाहारी प्रवाशाने हे एवढं तरी पक्कं करावं. ‘मेन्वे नाम’ म्हणजे मी मांस खात नाही, आणि मधला ‘न’ गिळला गेला तर ‘मेवे नाम’, म्हणजे खातो! माशांसाठी ‘मेन्वे म्पाताआ’ वेगळं सांगा. कारण तिथे सुका मासा हा पदार्थ न राहता चवीचा भाग होतो. शितो या काळ्या तिखट चटणीत सुकी मासळी आणि कोळंबी असते, कोंतोमिरेच्या पालेभाजीत मासा सर्रास असतो, जोलोफ भात बहुतेक वेळा मांसाच्या रश्शात शिजतो. त्यातल्या त्यात निर्धोक म्हणजे केलेवेले (मसाला लावून तळलेली पिकलेली राजेळी केळी), उकडलेलं याम (एक कंद) आणि चटणीविना वाचे, म्हणजे चवळीचा भात. ‘रेड रेड’ ही पाम तेलातली चवळी चांगली लागते, पण मासा घातलाय का ते विचारूनच घ्या.

कोर्स जुना आहे हे पैशाच्या बाबतीत लगेच जाणवतं. घानाचं चलन सेडी आलं १९६५ साली, म्हणजे पुस्तकानंतर दोन वर्षांनी. पुढे जुलै २००७ मध्ये त्यातली चार शून्यं काढली: जुने १०,००० म्हणजे नवा १ सेडी. बाजारात वयस्कर विक्रेत्या अजूनही कधीकधी जुन्या हिशोबात बोलतात, म्हणून ‘दहा हजार’ ऐकून दचकू नका. किंमत विचारायला ‘ॲयॅ सॅन?’, थोडं कमी करा म्हणायला ‘ते सो काक्रा’. आकडे बाको, म्मिएनू, म्मिॲन्सा, न्नान, न्नुम असे सुरू होतात. दहा म्हणजे दू, वीस अदुओनू, शंभर ऑहा. सुरुवातीचा म्म किंवा न्न गिळायचा नाही, त्यावर क्षणभर थांबायचं. सेडी मुंबईत बदलून मिळण्याच्या भरवशावर राहू नका. कोऱ्या, न दुमडलेल्या डॉलरच्या नोटा न्या.

आता अभिवादन. इथे कोर्सपेक्षा माणूस उपयोगी पडतो. सकाळी ‘माचे’, दुपारी ‘माहा’, संध्याकाळी ‘माज्वो’, हे कुठेही वाचायला मिळतं. पण उत्तर अभिवादन करणाऱ्याच्या वयाप्रमाणे बदलतं: आईच्या वयाच्या बाईला ‘या ॲना’, वडिलांच्या वयाच्या पुरुषाला ‘या आज्या’, बरोबरीच्याला ‘या नुआ’. विमानतळावर ‘आक्वाबा’ म्हणून स्वागत झालं तरी उत्तर याच साच्यातलं. मग ‘ॲते सॅन?’ विचारलं की ‘मे हो यॅ’ म्हणायचं आणि उलट चौकशी करायची, ‘ना वो न्सो ॲ?’ हे न करता थेट कामाचं बोलणं उद्धट वाटतं. मुंबईच्या घाईत वाढलेल्या माणसाने हे खास लक्षात ठेवावं. आत येणाऱ्याने आधी बोलायचं, बसलेल्यांशी हस्तांदोलन उजवीकडून डावीकडे करत जायचं, आणि देणं-घेणं उजव्या हाताने. शेवटचं आपल्याला शिकवावं लागत नाही. विनंतीच्या आधी ‘मेपा वो चॅव’, नंतर ‘मेदासे’. फोटोआधी ‘मेपा वो चॅव, मेतुमी आच्वा म्फोनिनी?’ एवढं विचारा आणि ‘दाबी’ आलं तर कॅमेरा खाली.

वाराच्या नावाचा प्रश्न तर नक्की येतो. अकान लोकांत जन्मवारावरून नाव पडतं: शुक्रवारचा मुलगा कोफी, शनिवारचा क्वामे (कोफी अन्नान, क्वामे एन्क्रुमा आठवा), रविवारची मुलगी अकोसुआ, शनिवारची अमा. आपला वार पत्रिकेतून काढू नका. पंचांगाचा वार सूर्योदयाला बदलतो, त्यामुळे शनिवारी पहाटे तीनला जन्मलेल्याच्या पत्रिकेत शुक्रवार असतो. जन्मदाखल्यावरची तारीख घ्या आणि तिचा वार पाहा.

गूगल ट्रान्सलेटमध्ये ट्वी मे २०२२ मध्ये आली, कोकणी, संस्कृत आणि भोजपुरीच्याच खेपेला. सुटा शब्द, पाटीवरचा मजकूर यासाठी ठीक. पण कोणाला ‘या ॲना’ म्हणायचं हे ते ठरवणार नाही, आणि ट्वीमध्ये तो-ती एकच सर्वनाम असल्यामुळे उलट भाषांतरात लिंगाचा अंदाज चुकतो. छोटी, साधी वाक्यं द्या.

ऑनलाइन शिक्षकावर थोडे पैसे जरूर घाला. घानाची वेळ आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे, म्हणजे रात्री आठला घरी बसलात तर तिथे दुपारचे अडीच, दोघांनाही सोयीचं. पहिल्याच तासाला तीन गोष्टी मागा: असांते बोली की अक्वापेम ते स्पष्ट करणं (पाणी असांतेत ‘न्सुओ’, अक्वापेममध्ये ‘न्सु’), तुमची तीस वाक्यं त्यांच्या आवाजात रेकॉर्ड करून देणं, आणि स्वर चुकला की तिथल्या तिथे थांबवणं. ‘छान बोलता’ म्हणत तास संपवणारा शिक्षक बदला.

ट्वी कुठे किती चालते हेही आधी जाणून घ्या, कारण कोर्स हे सांगायच्या भानगडीत पडत नाही. इंग्रजी ही राजभाषा, त्यामुळे कुठेही अडत नाही. राजधानी अक्राची मूळ भाषा गा, पण ट्वी बाजारात सगळीकडे समजते. केप कोस्ट आणि एल्मिनाला फांते बोलतात. ती नात्यातली भाषा आहे, पण ‘वो हो ते सॅन?’ (कसे आहात?) तिथे ‘वो हो त्से डॅन?’ होतं. कुमासी मात्र असांते ट्वीचं घर. एल्मिनाचा किल्ला पोर्तुगीजांनी १४८२ मध्ये बांधला, १६३७ मध्ये तो डचांकडे गेला. केप कोस्टचा पुढे इंग्रजांकडे आला. किल्ल्यातले मार्गदर्शक इंग्रजीत बोलतात, त्यामुळे गुलामांना कोंडत त्या तळघरात ट्वीची गरज नाही, आणि शिकलेली वाक्यं तिथे हसत हसत वापरून बघण्याची ती जागाही नाही. त्याआधी असिन मान्सोची नदी पाहा. किनाऱ्याकडे नेताना गुलामांना शेवटची आंघोळ तिथे घालत. हा क्रम ठेवला तर वाट समजते. आणखी एक: आफ्रिका म्हटलं की आपल्याला जंजिऱ्याचे सिद्दी आणि मलिक अंबर आठवतात. तो धागा पूर्व आफ्रिकेचा, हा अटलांटिकचा. मार्गदर्शकासमोर दोन्हींची खिचडी करू नका.

कागदपत्रांत सगळ्यात जास्त लोक अडकतात ते पिवळ्या तापाच्या लशीपाशी. घानात शिरताना प्रमाणपत्र लागतं, आणि परतताना ते नसेल तर भारतात सहा दिवसांपर्यंत विलगीकरण होऊ शकतं. लस अधिकृत केंद्रातच घ्यावी लागते. मुंबईत सहारचं एअरपोर्ट हेल्थ आणि बंदराचं पोर्ट हेल्थ ही सरकारी केंद्रं आहेत. एका कुपीत अनेकांचे डोस असतात आणि ती फोडल्यावर काही तासांत संपवावी लागते, म्हणून आधी नोंदणी करूनच जा. पासपोर्ट बरोबर हवा. प्रमाणपत्र दहा दिवसांनी लागू होतं, मग आयुष्यभर चालतं. अंड्याची ॲलर्जी असेल किंवा वय साठच्या पुढे असेल तर आधी डॉक्टरांशी बोला. मलेरियाची गोळीही त्यांनाच विचारा: अ‍ॅटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल परतल्यावर सात दिवस घ्यावी लागते, डॉक्सिसायक्लिन चार आठवडे, आणि लोक नेमकं हे शेपूट विसरतात.

तारखा ठरवताना कुमासीपासून मागे मोजा. अक्वासिदाए हा असांते राजदरबाराचा सोहळा दर ४२ दिवसांनी रविवारी येतो. तो गाठायचा असेल तर तिकीट त्याप्रमाणे काढा. मुंबईहून अदिस अबाबा किंवा दुबईमार्गे अक्रा सोयीचं पडतं. व्हिसाचं काम घानाच्या दिल्लीतल्या उच्चायुक्तालयाकडे. या सगळ्याच्या आधी सहा आठवडे, रोज पंचवीस मिनिटं: पहिले तीन आठवडे फक्त जुन्या कोर्सचा आवाज, पुढचे तीन शिक्षकाने रेकॉर्ड केलेली तीस वाक्यं. सॉकेट तिथे बहुतेक इंग्लंडच्या तीन चौकोनी पिनांचे असतात, म्हणून अ‍ॅडॉप्टर लोहार चाळीतून आधीच घेऊन ठेवा.