वाफेच्या इंजिनाची पहिली प्रतिकृती घेताना: ओओ, एचओ की एन?

दौंडच्या फलाटावर उभे राहून डब्ल्यूपी या प्रवासी गाड्यांच्या इंजिनाच्या गोल नाकावरचा तारा पाहिलेली पिढी आता निवृत्त झाली आहे, आणि हाताशी थोडा वेळ आल्यावर घरात एखादी चालती आगीनगाडी असावी असे त्यातल्या अनेकांना वाटू लागते. भारतात ब्रॉडगेजवरची नियमित वाफेची वाहतूक ६ डिसेंबर १९९५ रोजी जालंधर–फिरोजपूर मार्गावर संपली, त्यामुळे आता ती हौस भागवायची तर प्रतिकृतींवरच. अडचण अशी की बहुतेक जण आधी आवडलेले इंजिन विकत घेतात आणि मग त्याला रूळ शोधतात. वास्तविक पहिले इंजिन घेताच त्याचे प्रमाण (ते खऱ्या इंजिनाच्या कितव्या हिश्श्याचे), रूळ, वळणाची त्रिज्या आणि पुढची दहा वर्षे घ्यायचे डबे हे सारे ठरून जाते. म्हणून आपल्याकडच्या हौशी मंडळींपुढे प्रामुख्याने येणाऱ्या तीन पद्धती येथे शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या आहेत: ब्रिटिश ओओ, युरोपीय व अमेरिकी एचओ, आणि जपानी एन.

ओओ आणि एचओ एकाच रुळावर, म्हणजे १६.५ मिलिमीटर अंतराच्या रुळावर चालतात, पण ओओचे प्रमाण १:७६.२ आहे आणि एचओचे १:८७. याचा परिणाम साधा गुणाकार केला की कळतो. एचओमध्ये १६.५ मिलिमीटर म्हणजे खऱ्या जगातले १४३५ मिलिमीटर, अर्थात युरोपचे स्टँडर्ड गेज, जसेच्या तसे. ओओमध्ये मात्र तेच अंतर १२५७ मिलिमीटर इतके भरते, म्हणजे गाडी मोठी आणि रूळ तिच्या मानाने अरुंद. ब्रिटिश हौशी लोकांना याची इतकी सवय झालेली आहे की त्यांना ते खटकत नाही, पण १६७६ मिलिमीटरच्या भारतीय ब्रॉडगेजवर वाढलेल्या डोळ्यांना ओओचे इंजिन समोरून पाहिल्यावर अंग चोरून उभे असल्यासारखे दिसते. जपानी एनमध्ये याच्या नेमके उलट घडते. तिथे रूळ ९ मिलिमीटरचा व प्रमाण १:१५०, म्हणजे रुळाचे अंतर १३५० मिलिमीटर होते, तर जपानच्या खऱ्या जुन्या मार्गांचे गेज १०६७ मिलिमीटर आहे. त्यामुळे जपानी एन इंजिन रुंद रुळावर पाय फाकून उभे राहते आणि, ही माझी वैयक्तिक विकृती असेल, पण मला ते कितीतरी अधिक ब्रॉडगेजसारखे वाटते. अचूक भारतीय ब्रॉडगेज हवेच असेल तर एचओ प्रमाणात रूळ १९.२६ मिलिमीटरचा करावा लागतो, म्हणजे रूळ, चाके आणि सांधे सगळे हाताने. पहिल्या खरेदीच्या वेळी त्या वाटेला जाऊ नये.

आता दिसण्याचा प्रश्न, आणि माझ्या मते तोच मुख्य आहे. भारतीय वाफेच्या इंजिनांच्या तयार प्रतिकृती दुकानात सहजी मिळत नाहीत, त्यामुळे आपल्या आठवणीतल्या इंजिनाचा जवळचा नातेवाईक शोधावा लागतो. तो कुठे सापडेल हे आपली आठवण कोणत्या काळातली आहे यावर अवलंबून असते. जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेच्या काळातली किंवा तिच्यानंतरही रेंगाळलेली एचपीएस, एक्सबी, एक्ससी ही इंजिने व्हल्कन फाउंड्रीसारख्या ब्रिटिश कारखान्यांतून आलेली होती, आणि त्यांची नीटस, उघड्या नळ्या फारशा न दाखवणारी ठेवण हॉर्नबी किंवा बाखमन या प्रतिकृती बनवणाऱ्या कंपन्यांच्या ओओ इंजिनांत भेटते. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतून एडब्ल्यूडी व एडब्ल्यूई ही इंजिने आली, १९४७ मध्ये तिथल्याच बाल्डविन कारखान्याने डब्ल्यूपीची पहिली इंजिने पाठवली, आणि त्यानंतर भारतीय इंजिनांचा चेहराच अमेरिकी झाला. मालगाड्या ओढणारे डब्ल्यूजी हे त्याच काळातले, २-८-२ चाकांच्या रचनेचे (पुढे दोन लहान, मध्ये आठ मोठी चालक, मागे दोन लहान); अशी २४५० इंजिने झाली आणि त्यांतले शेवटचे, ‘अंतिम सितारा’, चित्तरंजनहून १९७० मध्ये बाहेर पडले. स्वातंत्र्यानंतर जन्मलेल्या वाचकाची आठवण बहुधा याच इंजिनाची असते. तिच्या सर्वांत जवळ जाणारे मॉडेल ब्रिटिश नसून एचओमधले २-८-२ रचनेचेच अमेरिकी लाइट मिकाडो आहे, जे बाखमन व ब्रॉडवे लिमिटेड या दोघांनीही काढलेले आहे. हॉर्नबी हे नाव आपल्याकडे अधिक परिचित आहे म्हणून लोक डोळे झाकून ओओ घेतात आणि मग ‘आपल्या इंजिनासारखे दिसत नाही’ म्हणून हळहळतात, हे मी अनेकदा पाहिले आहे.

मिकाडो या नावाचाही एक गमतीचा संबंध आहे. बाल्डविनने १८९७ मध्ये जपानसाठी २-८-२ रचनेची इंजिने बांधली, त्यावरून हे नाव पडले. जपानचे प्रसिद्ध डी-५१ हेही याच रचनेचे, १९३६ पासून १११५ बांधले गेलेले इंजिन, आणि काटो या जपानी कंपनीचे एन प्रमाणातले डी-५१ हे एनमध्ये शिरणाऱ्यासाठी बहुतेकदा पहिले इंजिन ठरते. म्हणजे डब्ल्यूजीचा चुलतभाऊ एनमध्येही आहेच, फक्त तळहातावर मावणारा.

जागेचा विचार करताना आकडे बोलके आहेत. हॉर्नबीच्या दुसऱ्या क्रमांकाच्या वळणाची त्रिज्या ४३८ मिलिमीटर असते आणि मोठी इंजिने त्याहून घट्ट वळणावर नीट जात नाहीत. पूर्ण वळसा घ्यायचा तर ८७६ मिलिमीटर, शिवाय कडेला हात फिरण्याइतकी जागा, म्हणजे फळी किमान एक मीटर रुंद हवी. काटोच्या २८२ मिलिमीटर त्रिज्येला ५६४ मिलिमीटर लागतात. आपल्याकडे सुताराकडे किंवा प्लायवुडच्या दुकानात मिळणारे ३० इंच बाय ७८ इंचाचे फ्लश डोअर घ्या: त्यावर एनचा लंबवर्तुळाकार मार्ग, मध्ये एक बाजूमार्ग आणि छोटे स्थानक आरामात बसते, ओओ किंवा एचओचे मोठे इंजिन त्यावर वळतच नाही. गाडीच्या लांबीचेही तेच. २१.३ मीटरचा आयसीएफ (चेन्नईच्या कारखान्याचा) प्रवासी डबा ओओमध्ये २८ सेंटिमीटर, एचओमध्ये साडेचोवीस आणि १:१६० या युरोपीय एन प्रमाणात साधारण १३ सेंटिमीटर होतो. बारा डब्यांची मेल एचओमध्ये इंजिनाशिवायच तीन मीटर लांब होते, म्हणजे दोन खोल्यांच्या घरात तिचे इंजिन दिवाणखान्यात आणि गार्डाचा डबा स्वयंपाकघरात. एनमध्ये तीच गाडी १.६ मीटरची होते, आणि गाडी लांब दिसल्याशिवाय ती मेल वाटत नाही.

मात्र वाफेच्या इंजिनाचे आकर्षण लांबीत नसते, ते कनेक्टिंग रॉडच्या चालीत असते. दट्ट्या पुढे येतो, क्रॉसहेड सरकतो, चाके एकत्र फिरतात आणि झडपांचे दांडे त्यांच्या अर्धा ठेका मागे-पुढे नाचतात, हे दृश्य एचओ व ओओमध्ये हातभर अंतरावरून दिसते. एनमध्ये चष्मा लावून वाकावे लागते. आवाजाचेही तसेच. दोन सिलिंडरचे इंजिन चाकाच्या एका फेऱ्यात चार ठोके देते, आणि डिजिटल पद्धतीत बसवलेला आवाजाचा डिकोडर ते ठोके चाकाशी जुळवून देतो. एचओ इंजिनाच्या टेंडरमध्ये, म्हणजे मागच्या कोळसा-पाण्याच्या डब्यात, बऱ्यापैकी स्पीकर मावतो. एनच्या इंजिनात डिकोडरसाठीच जागा कष्टाने काढावी लागते, मग स्पीकरचा आवाज डबीतल्या डासासारखा येतो. धूर सोडणारी यंत्रणा मात्र कोणत्याही प्रमाणात घेऊ नये, असे माझे मत आहे. तेलाचा पातळ थर रुळावर बसतो आणि कोळशाचा वास तर येतच नाही.

विजेबाबत एक सूचना जपून लक्षात ठेवावी. ब्रिटन व जर्मनीतील पुरवठा आपल्यासारखाच २३० व्होल्टचा आहे, तिथला कंट्रोलर फक्त पिन बदलून चालतो. जपानच्या देशांतर्गत बाजारासाठी बनलेला काटोचा पॉवर पॅक १०० व्होल्टचा असतो आणि अमेरिकी संच १२० व्होल्टचा. ते सरळ आपल्या सॉकेटमध्ये लावले तर पहिल्याच दिवशी खराखुरा धूर निघेल. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर घ्यावा किंवा इथेच १२ व्होल्ट डीसी देणारा चांगला कंट्रोलर घ्यावा. रुळावर जाणारी वीज तिन्ही पद्धतींत साधारण तेवढीच असते. अपवाद जर्मनीच्या मार्कलिनचा. त्यांची एचओ पद्धत मधल्या बारीक खिळ्यांतून वीज घेणारी, तीन वाहकांची आहे. ती अत्यंत भरवशाची आहे, पण साध्या दोन रुळांच्या पद्धतीसाठी बनलेली इंजिने तिथे जशीच्या तशी चालत नाहीत. एकदा मार्कलिन म्हणजे कायम मार्कलिन, आणि भारतात बसून ते परवडणे अवघड.

रूळ घेताना धातू पाहावा. निकेल-सिल्व्हरचे रूळ काळवंडतात पण वीज वाहत राहते. पोलादी रूळ मुंबई-कोकणच्या एका पावसाळ्यात गंजतात. बाखमनचा काळ्या पायाचा तयार मार्ग पोलादी असतो आणि करड्या पायाचा निकेल-सिल्व्हरचा, आणि दुकानदार हा फरक आपणहून सांगेलच असे नाही. काटोचा मार्ग निकेल-सिल्व्हरचाच आहे. छताच्या पंख्याने उडणारी धूळ हा आपला खास शत्रू, आणि तिचा त्रास वजनाने हलक्या एन इंजिनांना सर्वांत जास्त होतो: मोठे एचओ इंजिन जिथून धडधडत निघून जाते तिथे एनचे इंजिन अडखळून थांबते. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसलेला रूळ आणि रात्री मांडणीवर टाकलेली जुनी चादर एवढ्याने बराच फरक पडतो.

खरेदीचे मार्ग दोन. लेस्टर किंवा लंडनला राहणारा भाचा जुनी हॉर्नबी आणून देतो, हा पुण्या-मुंबईत बऱ्याच घरांत ओओचा प्रवेश आहे. जुन्या मालात १९३८ ला सुरू झालेल्या हॉर्नबी डब्लोच्या जस्ताच्या ओतीव इंजिनांना वेगळाच वजनदारपणा असतो, पण ती सुरुवातीला तीन रुळांवर चालणारी होती, आजच्या मार्गावर ती धावणार नाहीत, आणि महायुद्धापूर्वीच्या काही ओतीव भागांना अशुद्ध जस्तामुळे तडे जातात. ती कपाटात ठेवण्यासाठी घ्यावीत. दुसरा मार्ग थेट मागवण्याचा, आणि तिथे सीमाशुल्काचा हिशेब आधी करावा: खेळण्यांवरील मूळ शुल्क २०२० मध्ये २० वरून ६० टक्क्यांवर गेले आणि २०२३ मध्ये ७० टक्क्यांवर. मुंबईच्या एका कुरिअर कार्यालयात मी स्वतः एका लहान पार्सलवर मूळ किमतीच्या जवळपास तेवढेच पैसे भरून बाहेर आलो आहे, तेव्हा पासून प्रत्येक मागणीपूर्वी कागदावर बेरीज करतो.

एक चौथा पर्यायही आहे, आणि तो महाराष्ट्रातल्या वाचकासाठीच आहे असे म्हटले तरी चालेल. बार्शी लाइट ही १८९७ मध्ये एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांनी सुरू केलेली रेल्वे ७६२ मिलिमीटर गेजची होती, पुढे ती पंढरपूर, लातूर आणि मिरजेपर्यंत गेली. हे गेज एचओ प्रमाणात ८.७६ मिलिमीटर येते, म्हणजे एनचाच ९ मिलिमीटरचा रूळ त्याला चपखल बसतो. ऑस्ट्रियातील अरुंद मार्ग ७६० मिलिमीटरचे असल्याने तिथल्या इंजिनांच्या प्रतिकृती, रोको किंवा लिलिपुटच्या, याच मापाच्या मिळतात. तयार चासी तिथली घ्यायची आणि वरचे अंग पुठ्ठ्याने, पितळेच्या पत्र्याने बार्शी लाइटच्या कुर्डुवाडीचे करायचे. रॉड दिसतील एवढे मोठे इंजिन आणि फ्लश डोअरवर मावेल एवढे वळण, या दोन्ही गोष्टी एकत्र फक्त इथेच मिळतात. नेरळ–माथेरानची ६१० मिलिमीटरची गाडी हवी असेल तर ती ओओ प्रमाणात ८ मिलिमीटर येते, आणि ९ मिलिमीटरच्या रुळावर थोडी सवलत घेऊन चालते.

ज्याला पहिल्याच महिन्यात गाडी धावताना पाहायची आहे आणि एक भिंत रिकामी आहे, त्याने काटोचा एन मार्ग, डी-५१ आणि योग्य व्होल्टचा कंट्रोलर घ्यावा. ज्याला डब्ल्यूजीचे ठोके ऐकायचे आहेत, त्याने वळणाचा हट्ट सोडून दोन-अडीच मीटरच्या सरळ फळीवर एचओ मिकाडो मागे-पुढे खेळवावे. यार्डात शंटिंग करणारे इंजिन वर्तुळात फिरत नव्हतेच. ओओ त्यांनीच निवडावे ज्यांच्या घरी ते आधीच आलेले आहे. आणि कुर्डुवाडीच्या बाजूचा कोणी असेल आणि हाताला कात्री-कानस चालत असेल, तर त्याने कोणाचेच न ऐकता बार्शी लाइटला हात घालावा. त्यापूर्वी एक रविवार पुण्यात कोथरूडच्या जोशी यांच्या लघुरेल्वे संग्रहालयात घालवावा, म्हणजे एचओची गाडी किती जागा खाते हे टेपशिवाय कळते.